द्रौपदीचा प्रश्न आणि भीमाची गदा

महाभारत ही सुडाची कथा आहे, असे आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितले जाते, की याहून वेगळे काही म्हणणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. कीर्तनकार सांगतो, व्याख्यानमालेतला वक्ता सांगतो, निवडणुकीच्या सभेत तर हे हमखास ऐकू येते : एका स्त्रीची विटंबना झाली आणि त्या अपमानाचे उट्टे अठरा अक्षौहिणींच्या रक्ताने निघाले. मग मोकळे केस, दुःशासनाची छाती, दुर्योधनाची मांडी. टाळ्या पडतात. माझी तक्रार या टाळ्यांविरुद्ध आहे. त्यांच्या कडकडाटात द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न आपल्याला ऐकू येईनासा झाला आहे.

सभापर्व पुन्हा उघडून पाहावे. न्यायला आलेल्या प्रातिकामीसमोर द्रौपदी रडत नाही की शापही देत नाही. ती त्याला परत पाठवते आणि विचारून यायला सांगते : धर्मराज आधी कोणाला हरले, स्वतःला की मला? हा शुद्ध कायद्याचा प्रश्न आहे. जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्या माणसाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? आणि याच प्रश्नाच्या पोटात दुसरा, त्याहून मोठा प्रश्न दडलेला आहे. नवऱ्याची सत्ता, राजाची सत्ता, जिंकणाऱ्याची सत्ता, यांना कुठे मर्यादा आहे की नाही?

सभेने काय केले? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. द्रोण गप्प राहिले. विदुर परोपरीने सांगत होता, की प्रश्न विचारला गेला आहे, उत्तर द्या. उभा राहिला तो धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले, तर कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प बसवले. पुढे भीमाच्या प्रतिज्ञा झाल्या, अपशकुन झाले, धृतराष्ट्र घाबरला आणि त्याने वर देऊन टाकले. द्रौपदीने दोन वरांत पाच पती सोडवले आणि तिसरा वर नाकारला. पण तिच्या प्रश्नाला ना होय, ना नाही. निकाल न देताच खटला निकालात काढला गेला!

आम्ही मात्र प्रश्न विसरलो आणि प्रतिज्ञा पाठ केल्या. रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी घालणारा भीम मुळात महाभारतातला नव्हेच. तो आठव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’तला आहे. त्या नाटककाराला वीररस पिकवायचा होता आणि त्याने तो पिकवला. पण त्याच नाटकाच्या शेवटच्या अंकाकडे आमच्या रसिकांनी नीट पाहिलेले दिसत नाही. दुर्योधनाच्या रक्ताने न्हालेला भीम समोर येतो, तेव्हा खुद्द युधिष्ठिर त्याला दुर्योधन समजून धरतो. सूड घेतलेला माणूस आणि ज्याच्यावर सूड घेतला तो माणूस, यांत सख्ख्या भावालाही फरक ओळखू येत नाही. सुडाचे एवढे गोडवे गाणाऱ्या नाटकातच ही साक्ष नोंदलेली आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. दुबळ्याने करायचे काय? जिथे न्याय मिळतच नाही, तिथे सुडाखेरीज दुसरे कोणते हत्यार त्याच्या हाती असते? खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात कर्झनसाहेब पाहिला, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. पारतंत्र्यातल्या माणसाला भीमाची गदा हवीशी वाटली, यात नवल नाही. तो मोह मी समजू शकतो. पण मूळ विराटपर्वातली द्रौपदी आधी कुठे गेली, ते पाहावे. कीचकाने तिला लाथ मारली ती विराटाच्या सभेत, राजाच्या डोळ्यांदेखत, आणि तिथेही तिने आधी राजालाच त्याचा धर्म विचारला. विराटाचे उत्तर असे, की तुमचे भांडण माझ्यामागे झाले, खरे काय ते मला कसे कळणार? मग ती रात्री भीमाकडे गेली.

दोनदा तिने सभेला विचारले. दोनदा सभेने अंग काढून घेतले. सूड जन्मतो तो अशा तोंड चुकवणाऱ्या सभेच्या पोटी, आणि पुढे तोच सभेला वाचवतो. गदा एकदा फिरली, की भीष्मांना जाब विचारण्याचे कोणाला सुचत नाही. उलट शांतिपर्वात तेच भीष्म शरपंजरी पडून युधिष्ठिराला राजधर्म शिकवतात! तो उपदेश ऐकून द्रौपदी हसली, अशी एक कथा सांगतात. ती हसली नसती तरच आश्चर्य.

आणि सुडाने तिला काय दिले? सौप्तिकपर्वात अश्वत्थामाही बापाचा सूडच घ्यायला निघाला होता. त्याने झोपलेल्या धृष्टद्युम्नाला तुडवून मारले आणि द्रौपदीचे पाचही मुलगे कापले. पुढे स्त्रीपर्वात भीम गांधारीसमोर उभा राहतो. दुःशासनाच्या रक्ताचा विषय निघताच तो म्हणू लागतो, की ते रक्त माझ्या ओठांच्या आत गेलेच नव्हते. ज्या पराक्रमावर आम्ही टाळ्या वाजवतो, तो भीमाला मेलेल्याच्या आईपुढे कबूल करवत नाही. व्यासांना एवढे दिसले होते, आम्हाला का दिसू नये?

हा वाद केवळ पोथीतला असता, तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली अहवाल दिला, की त्या चौघांना ठार मारण्याच्याच हेतूने गोळ्या झाडल्या होत्या. म्हणजे गुन्हा कोणी केला, या प्रश्नाचा निकाल कोर्टात लागण्याआधीच रक्त सांडून झाले होते. फुले उधळणाऱ्यांना आपण द्रौपदीच्या बाजूचे आहोत असेच वाटत होते. आणि अब्रूच्या नावाने स्वतःच्याच लेकीबाळींना मारणारे? अशा हत्या रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली सरकारांना निर्देश द्यावे लागले. त्या मारेकऱ्यांनाही आपण भीमच वाटतो. अब्रू स्त्रीच्या देहात ठेवलेली असते, हा समज एकदा पक्का झाला, की तिच्यासाठी शत्रूला मारणे आणि तिलाच मारणे, यांत अंतर फार थोडे राहते.

वस्तुतः त्या दिवशी द्यूतसभेत द्रौपदीची अब्रू गेलीच नाही. गेली ती सभेची.

म्हणून आमच्या नाटककारांना एक विनंती आहे. दुःशासनाची छाती फोडण्याचे प्रवेश पुष्कळ झाले. आता कोणीतरी ती द्यूतसभा रंगभूमीवर आणावी आणि प्रकाश भीष्म-द्रोणांच्या तोंडावर टाकावा. द्रौपदीने प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत पडदा पाडू नये. प्रेक्षक चुळबुळतील, घड्याळाकडे पाहतील. पाहू द्यावे. त्या सभेतली मंडळीही अशीच चुळबुळत बसली होती.