परिश्रम ताईंचे, सत्कार साहेबांचा

मे महिन्यात आमच्याकडे प्रेसनोटांचा पाऊस पडतो. त्यात शिरूर-दौंड पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या उन्हाळी शिबिरांच्याही नोटा असतात. मजकूर ठरलेला. उद्घाटन अमुक साहेबांच्या हस्ते, अध्यक्षस्थानी तमुक, सत्कार कमिटीच्या सर्व सदस्यांचा. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘शिबिर यशस्वी करण्यासाठी महिला मंडळ व तरुणींनी विशेष परिश्रम घेतले.’ नाव एकीचंही नाही.

आता हे ‘परिश्रम’ म्हणजे काय, ते बघा. मुलांची नावं घ्यायची, वयाप्रमाणे गट पाडायचे, गाणी हातवाऱ्यांसकट बसवायची, वचनं पाठ करून घ्यायची, दुपारच्या जेवणाचा अंदाज काढायचा. रात्री कुणाला ताप आला, कुणी आईसाठी रडायला लागलं, तर उठायचं. चौदा-पंधराव्या वर्षी मदतनीस म्हणून आलेली पोरगी बाविसाव्या वर्षी अख्खं शिबिर एकहाती पेलते. पण कागदावर शिबिरप्रमुख कोण? कमिटीतले एक काका. ते पहिल्या दिवशी प्रार्थना करतात आणि शेवटच्या दिवशी बक्षिसं वाटतात. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या टेबलावर येणारे कागद बहुतेक असेच असतात.

आणि हे दौंड तालुक्यात व्हावं, याची जास्त चीड येते. पुण्याहून दौंडला जाताना केडगाव स्टेशन लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि विधवा आणल्या, त्या इथे. त्यातूनच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमाराला गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. एवढा पसारा एकट्या बाई सांभाळत होत्या का? शारदा सदनात शिकलेल्या, आधी येऊन तयार झालेल्या मुली नंतर आलेल्यांना शिकवत होत्या. शेती, गाईगुरं, विणकाम, तेल गाळणं, सगळं बायकांच्या हातात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. ते छापायला खिळे जुळवले केडगावच्याच बायकांनी. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पुरं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. (रमाबाईंचा कारभार फार लोकशाहीचा होता असंही नाही, शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. पण निदान तो शब्द बाईचा होता!)

सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेल्या पोरी छापखाना चालवू शकल्या, आणि आज बी.एड. झालेली मुलगी पाच दिवसांच्या शिबिराची प्रमुख होऊ शकत नाही?

कारणं ऐकली आहेत. ‘मुलीच्या जातीवर रात्रीची जबाबदारी कशी टाकायची?’ अहो, मुलींच्या खोलीत रात्री कोण झोपतं? तीच ना! ‘पैशाचं काम आहे.’ भाजी, गॅस, वह्या, रंग यांचा पै न् पैचा हिशेब तीच लिहिते, खाली सही मात्र दुसऱ्याची. मग कुणीतरी पौलाच्या पत्राचा दाखला देतं. शास्त्राचा वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. पण तेच शास्त्र वाचणाऱ्या चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं. बिशपपद चालतं आणि शिबिरप्रमुख चालत नाही, हे कुठल्या अध्यायात आहे, एकदा दाखवा.

काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, तुम्ही आमच्या घरात कशाला डोकावता? सगळ्यांच्याच घरात डोकावतो. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, तरी खुर्चीवर सरपंचपती बसतो, हे याच पानावर कितीदा लिहिलंय. सप्ताहाच्या पंगतीत पोळ्या बायकांच्या आणि माईक पुरुषांचा, हेही लिहिलंय. तेव्हा मंडळीतले बरेच जण ‘अगदी बरोबर’ म्हणत होते. आता पाळी तुमची.

नाताळ आटोपला की पुढच्या शिबिराची बैठक होईल. त्या बैठकीत तिला नुसतं चहा द्यायला बोलावू नका. ठराव तिच्या नावाने करा, खर्चाची रक्कम तिच्या हातात द्या आणि सहीही तिचीच ठेवा. चुकली तर चुकू द्या, काकाही चुकलेत, गेल्या कित्येक वर्षांत कुणी त्यांना काढलं नाही.

राहिलं एक कारण, सगळ्यात लाडकं: ‘उद्या लग्न होऊन जाईल, मग शिकवून उपयोग काय?’ जाईल. नगरला जाईल, बारामतीला जाईल, श्रीरामपूरला जाईल. तिथेही मंडळी आहे, तिथेही मे महिना येतो.