अर्जातील भूतकाळ : साल लिहिले की ‘हॅव’ नको

दाभोळमधील आमच्या कापडाच्या दुकानात थानांबरोबर नोकरीचे अर्जही उलगडले जातात. आखाती देशांत जाऊ पाहणारी गावातील मुले अर्ज पाठविण्यापूर्वी आम्हांस दाखवितात. आमची तालीम उर्दू माध्यमात झाली. इंग्रजी आम्ही व्यापाराच्या पत्रव्यवहारातून, ठेचा खात शिकलो. म्हणूनच मुले कोठे अडखळतात ते आम्हांस लवकर दिसते.

मागे एका मुलाने हिशेबनिसाच्या जागेसाठी लिहिले, ‘आय वॉज कम्प्लीटिंग माय बी.कॉम. इन २०१९.’ त्याला म्हणायचे होते की शिक्षण पूर्ण केले. वाक्याचा अर्थ मात्र निघाला की २०१९ साली शिक्षण चालू होते. पुढे ते संपले की नाही, हे वाचणाऱ्याला कळेना. खुलासा मागविला गेला, तो पोचेपर्यंत जागा भरली. मुलगा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला होता. नडले ते एक क्रियापद.

हा दोष बुद्धीचा नाही, भाषेच्या सवयीचा आहे. मराठीत ‘मी २०१९ साली बी.कॉम. पूर्ण केले आहे’ असे म्हटले तर कोणी चूक काढणार नाही. उर्दूतही ‘मैंने २०१९ में बी.कॉम. किया है’ हे चालते. तेच शब्दशः इंग्रजीत नेले की ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९’ होते आणि ते चुकते. साल, महिना, ‘गेल्या वर्षी’ असा गेलेला काळ नेमका सांगितला की इंग्रजीला साधा भूतकाळ लागतो : ‘आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९.’ साल सांगायचे नसेल, आज पदवी हाती आहे एवढेच सांगायचे असेल, तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम.’ हे बरोबर.

उर्दू शाळेत आम्ही माजी मुतलक, माजी करीब आणि माजी बईद शिकलो. करीब म्हणजे जवळचा, बईद म्हणजे दूरचा. या नावांमुळे मुले अंतर मोजू लागतात. गेल्या वर्षीची परीक्षा असेल तर ‘हॅव’, दहा वर्षांपूर्वीची असेल तर ‘हॅड’. इंग्रजी असे अंतर मोजत नाही. ‘हॅड’साठी भूतकाळातील दोन गोष्टी लागतात, त्यांपैकी आधीच्या गोष्टीला ‘हॅड’. आमच्या गावाचे नाव लावलेला, पण खाडीपलीकडे उभा असलेला वीज प्रकल्प १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंद पडला. १९९८ साली आयटीआय झालेला माणूस म्हणेल, ‘प्रकल्प सुरू झाला तेव्हा माझे शिक्षण पूर्ण झाले होते.’ येथे ‘हॅड’ शोभतो. नुसते ‘आय हॅड कम्प्लीटेड माय आयटीआय’ लिहिले तर वाचणारा विचारतो, कशाच्या आधी?

व्यापारी बांधवांनी हे आपल्या भाषेत समजून घ्यावे. ‘पाच तारखेला माल पाठविला’ हा साधा भूतकाळ. ‘माल पोचला आहे’, म्हणजे आता गोदामात आहे, हा ‘हॅव’. ‘माल येण्यापूर्वी पैसे भरले होते’ हा ‘हॅड’.

आणखी एक शब्द टाळावा. ‘पास्ट आउट’ हा आपल्याकडे कॉलेज संपल्याच्या अर्थाने सर्रास वापरतात, पण बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा लागू शकतो. निकाल लागायचा असेल तर ‘कम्प्लीटेड’ लिहूच नये, निकाल बाकी आहे असे सरळ लिहावे. परदेशी नोकरीसाठी प्रमाणपत्रावर अनेकदा परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि काही देशांसाठी वकिलातीचाही, शिक्का घ्यावा लागतो. अर्जातील साल त्या प्रमाणपत्राशी जुळलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, अर्थ कळला की झाले, एवढी चिकित्सा कशाला? आपसांत हे ठीक आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलाला आम्ही एका ‘हॅव’साठी परत पाठविणार नाही, कोणीही पाठवू नये. परंतु दूरदेशी बसलेला माणूस मुलाला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतो.

म्हणून उर्दू शाळांतील शिक्षकांना आमची विनंती आहे की, माजीचे प्रकार शिकविताना शेजारी इंग्रजीतील हा फरकही फळ्यावर लिहावा. आणि ज्या दुकानदारांना थोडेफार इंग्रजी येते त्यांनी गल्लीतील मुलांचे अर्ज पाठविण्यापूर्वी एकदा वाचून द्यावेत. यात खर्च काहीच नाही, दहा मिनिटे जातात. तेवढ्याने एखाद्या घराची रोजी हुकायची वाचेल.