'वीस एक'ची टिंगल आणि एकोणसत्तरचा गुंता

जून २०१९ आठवतो? बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं होतं. त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बावीसच्या जोडीला 'वीस दोन' असं वाचायची पद्धत दिली होती. 'जोडीला' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. पण पुस्तक उघडून बघायला वेळ कोणाला होता? विधानसभेत अजित पवारांनी विचारलं, की मग फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का? मुख्यमंत्र्यांनीही विनोदानेच परतफेड केली. सभागृह हसलं, वाहिन्या हसल्या, आपणही एकमेकांना विनोद पाठवून हसलो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मात्र शांतपणे पुनःपुन्हा तेच समजावून सांगत राहिल्या. २०२३ साली त्या गेल्या, तेव्हाच्या श्रद्धांजल्यांमध्ये टिंगल करणारेही असतीलच. असो.

राग विनोदाचा नाही, विनोद बरा होता. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सात वर्षांचं मूल संख्या कशी शिकतं, हा तपासून पाहण्याचा प्रश्न आहे. जगात लोकांनी तो तपासलेला आहे. आणि आपण तो अस्मितेचा करून निकालात काढला.

आधी आपल्या आकड्यांकडे एकदा परक्यासारखं बघा. ६९ लिहिताना आधी सहा लिहायचा. म्हणायचं मात्र 'एकोणसत्तर', म्हणजे सत्तरला एक कमी. मूल 'सत्तर' ऐकतं आणि प्रामाणिकपणे ७ लिहितं. यात त्याचं काय चुकलं? ५३ मध्ये पाच आधी लिहायचा, पण 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी ऐकू येतो, आणि पन्नासचा 'पन्न' झालेला. बावन्नमध्ये त्याचाच 'वन्न' होतो. बरं, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असा नियम कसाबसा हाती लागावा, तर नव्याण्णव येऊन तोही मोडतो! थोडक्यात शंभरपर्यंतची बहुतेक नावं सुटी सुटी पाठ करावी लागतात. याउलट कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस-एक, तेलुगूत 'इरवै ओकटि' म्हणजेही वीस-एक. अक्कलकोटकडच्या कन्नड घरातल्या मुलाला 'वीस एक' हसण्यासारखं वाटेल का?

आता संशोधन. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन लहानग्यांची तुलना प्रसिद्ध केली. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा एक', एकवीस म्हणजे 'दोन दहा एक'. तीन वर्षांच्या मुलांच्या मोजण्यात फारसा फरक नव्हता. चार-पाच वर्षांच्या मुलांत तो दिसला, आणि तोही नेमका अकरानंतरच्या, इंग्रजी नावं वेडीवाकडी होतात त्या टप्प्यावर. थोड्या वस्तू मोजणं, छोटी उदाहरणं सोडवणं यात मात्र दोघं सारखेच. म्हणजे मुलं तीच, अडतंय ते नावांपाशी.

यावर कोणी म्हणेल, चिनी आईबाप, चिनी शाळा, सगळंच वेगळं. रास्त आक्षेप! म्हणूनच मला वेल्सचं उदाहरण जास्त आवडतं. तिथे जुन्या वेल्श मोजणीत अठराला 'दोन नऊ' म्हणत. शाळेत आता जी पद्धत चालते तिच्यात अठरा म्हणजे 'एक दहा आठ'. देश एक, पण काही मुलं शिकतात वेल्शमधून, काही इंग्रजीतून. अॅन डाउकर यांनी या मुलांची तुलना केली, तेव्हा एकूण गणितात मोठी तफावत निघाली नाही, पण दोन अंकी संख्या वाचणं आणि त्यातली मोठी-लहान ओळखणं यात वेल्शमधून शिकणाऱ्यांना फायदा दिसला. एवढाच, माफक. बालभारतीच्या पुस्तकाचा दावा तरी याहून मोठा कुठे होता?

आणि नॉर्वेने तर १९५१ साली संसदेच्या निर्णयाने 'एक-आणि-वीस'चं 'वीस-एक' केलं. कारण काय, तर टेलिफोन! नंबर सांगताना-ऐकताना गोंधळ होई. गंमत म्हणजे जुनी पद्धत तिथे अजूनही बोलण्यात सापडते. तेव्हा 'आमचे त्रेपन्न-चौपन्न मरतील' ही भीती जरा बाजूला ठेवू या. संसदेच्या हुकमानेही जे मेलं नाही, ते दुसरीच्या पुस्तकातल्या जोडपर्यायाने कसं मरेल?

सगळ्यात लाडका युक्तिवाद म्हणजे 'आम्ही नाही का शिकलो?' हो, तुम्ही शिकलात. म्हणून तर वाहिनीवर बसून बोलताय. जे शंभरच्या आतच अडकले, गणिताला घाबरले आणि शाळेतून गळले, त्यांना चर्चेला कोण बोलावतं? शिवाय ज्याच्या घरात आजी येता-जाता 'सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस' म्हणते, त्याचं फार अडत नाहीच. अडतं ते घरी कोरकू, भिली किंवा वारली बोलणाऱ्या मुलाचं. त्याच्यासाठी मराठी ही शाळेत भेटलेली भाषा, आणि त्यात ही नव्वद-पंचाण्णव नवी नावं, जोडाक्षरांसकट.

एक आक्षेप मला खरा वाटतो. बाजारात कोणी 'साठ नऊ रुपये' म्हणत नाही, मुलाला दोन्ही शिकावं लागेल, आणि दोन पद्धतींनी काही मुलांचा गोंधळ वाढेलही. शक्य आहे. पण मग तेच मोजा ना! एका तालुक्यातल्या काही शाळा घ्या, निम्म्यांत 'साठ नऊ' आधी आणि एकोणसत्तर मागून, निम्म्यांत नेहमीसारखं. वर्षअखेर दोन्हीकडे तोंडी सांगून आकडे लिहून घ्या, हातच्याची वजाबाकी द्या. याला ना संगणक लागतो ना परदेशी तज्ज्ञ. त्या गदारोळात मी जेवढं वाचलं-ऐकलं, त्यात ना विरोध करणाऱ्यांनी ही मागणी केली, ना समर्थन करणाऱ्यांनी. 'असर'चे अहवाल आले की मुलांना वजाबाकी येत नाही म्हणून दोन दिवस हळहळणारेही गप्पच होते.

घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल तर आज संध्याकाळी त्याला तोंडी सांगा: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. काय लिहितंय ते बघा आणि मला जरूर कळवा.