डबा तसाच राहू दे

मागच्या शनिवारी कागलला गेलो होतो. काकांच्या माळ्यावर त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या काळातलं एक अ‍ॅनालॉग डिले पेडल सापडलं. बेंजोला लावायचे ते. वाजवलेला सूर जरा थांबून परत ऐकू येतो, तोच 'इको'. लगेच डोक्यात किडा वळवळला: आतला बोर्ड काढून माझ्या युरोरॅकमध्ये बसवला तर?

स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो, तोच काका म्हणाले, "कशाला उघडालायस रं? पायाखाली हुतं म्हणून तर हात मोकळं ऱ्हायचं."

मुद्दा पटण्यासारखा आहे. त्याआधी थोडं तंत्र. या पेडलमधल्या चिपला 'बकेट ब्रिगेड' म्हणतात. ही कल्पना १९६९ मध्ये फिलिप्समधून आली. स्लॅब टाकताना घमेली कशी हातोहात वर जातात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात जातो. ४०९६ टप्प्यांची चिप १० किलोहर्ट्झच्या क्लॉकवर चालवली, की सूर साधारण २०५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. क्लॉक मंद केलं की उशीर वाढतो, पण मग ५ किलोहर्ट्झच्याही बऱ्याच खाली फिल्टर लावावा लागतो, नाहीतर क्लॉकची शिट्टी ऐकू येते. म्हणून प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा अंधुक, मऊ होत जातो. खरी गंमत इथेच आहे!

रॅकमध्ये नेताना काही बदल करावेच लागतात. पेडल ९ व्होल्टचं, युरोरॅक ±१२ चा. मग रेग्युलेटर आला. गिटारचा सिग्नल व्होल्टभराच्या आतबाहेर, मॉड्युलरचा सुमारे १० व्होल्ट पीक-टू-पीक. म्हणजे आत घेताना उतरवा, बाहेर काढताना चढवा. क्लॉकला कंट्रोल व्होल्टेज जोडा. बास.

पण आपण इथे थांबत नाही. 'आता उघडलंच आहे तर' म्हणत फिल्टर उघडा करतो, खरखर घालवतो. च्यायला, स्वच्छच हवं असेल तर सरळ डिजिटल डिले घ्या ना! ऑफिसातही हेच चालतं. जुना कोड 'साफ' करताना नेमका तो विचित्र इफ उडवतो, ज्याच्यावर सगळं तोललेलं असतं.

माझं मत सरळ आहे. वीज बदला, पातळी बदला, आवाजाला हात लावू नका. आणि जुनं पेडल कापून मॉड्यूल बनवू नका. अशा चिप पुन्हा नव्याने बनू लागल्या आहेत; सर्किट नव्या बोर्डवर उतरवा. रॅक टेबलावरच्या माणसासाठी ठीक आहे, त्याचे हात नॉबवरच असतात. स्टेजवर दोन्ही हात बेंजोवर असलेल्या माणसाला पायच लागतो.

असो. मी बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, चारही स्क्रू परत आवळले आणि पेडल काकांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी बटण दाबून पाहिलं. खट्ट!