उपग्रहाला पडलेली केळ दिसते का?



मागच्या महिन्यात या सदरात मी सांगितलं होतं, की आम्ही दोघं मित्र अंतराळ तंत्रज्ञानासाठी निधी मागतोय. ते वाचून एका मावशींचा फोन आला. "अरे, तू आता रॉकेट बनवणार का?"

नाही मावशी. आम्ही केळी मोजणार.

बुरहानपूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की असीरगडाच्या अलीकडे निंबोला लागतं. माझं घर तिथलं, नोकरी पुण्यात. मित्र बंगळुरूत उपग्रहांच्या चित्रांवर काम करतो, मी कोड लिहितो. दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिला अर्ज केला तेव्हा वाटलं होतं, की यात अवघड काय असणार?

पैसे मिळायच्या वाटा आता आहेत, हे आधी सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. 2020 मध्ये केंद्र सरकारनं अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं आणि त्यासाठी इन-स्पेस ही संस्था काढली. तिच्या बीज निधी योजनेत शेती, आपत्ती व्यवस्थापन अशा विषयांवर काम करणाऱ्या स्टार्टअपला 1 कोटी रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. 2025 मध्ये तिनंच 500 कोटींचा तंत्रज्ञान अवलंब निधी जाहीर केला. त्यात स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रकल्पखर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. उरलेले 40 टक्के आपल्या खिशातून. आमच्या खिशात तूर्त गृहकर्जाचे हप्ते आहेत, म्हणून तो रस्ता सोडला.

पहिला अर्ज आम्ही एका वेगळ्याच ठिकाणी केला होता. बावीस पानं. हवामान बदल, कृत्रिम बुद्धिमत्ता, वादळाची आगाऊ सूचना, सगळं होतं. नकाराच्या पत्रात मुद्द्याची एकच ओळ होती: हे वापरणार कोण आणि त्याचे पैसे देणार कोण? मी आठवडाभर चिडून होतो. नंतर मे महिन्याच्या शेवटी सुट्टी काढून घरी गेलो.

मृगात लावलेली बाग मेअखेर घडांनी वाकलेली असते. वर्षभराचं खत, ठिबक, मजुरी, सगळं त्या घडांत लटकलेलं. नेमकं तेव्हाच संध्याकाळी सातपुड्याकडून आभाळ काळं होतं. त्या दिवशी वारा पंधरा-वीस मिनिटंच होता. सकाळी बाबांबरोबर शेतात गेलो तर पश्चिमेकडच्या ओळी आडव्या झालेल्या, आणि कडेला शेवरी दाट होती तिथली केळ उभी. बाबा काहीच बोलले नाहीत. पाडलेल्या घडांतले कोणते विकता येतील ते बघत चालत राहिले.

खरी गोष्ट पुढे झाली. वादळ फक्त आमच्या शेतात आलं नव्हतं, त्यामुळे पंचनाम्याचा नंबर लागायला दिवस गेले. तोवर पडलेला माल सडू द्यायचा का? व्यापारी मिळेल त्या भावानं उचलतो, खोडं काढावीच लागतात, कारण पुढची पिलं वाढवायची असतात. पंचनामा होईपर्यंत अर्धा पुरावा शेतातून गेलेला असतो. मग नुकसान किती टक्के, यावर वाद. आमच्याकडे मदत मिळते ती महसुलाच्या नियमांनुसार, टक्क्यांच्या हिशोबानं. केळीला हवामानावर आधारित पीक विमा मिळावा ही बुरहानपूरच्या शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. सीमेपलीकडे रावेरला असा विमा आहे हे दाखवून इथले लोक ती मांडत आले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वादळ येणार हे सांगणारे आहेतच. हवामान खात्याची पुढच्या तीन तासांची सूचना असते, विजेसाठी दामिनी ॲप आहे. पण कळलं तरी निसवलेली बाग उचलून घरात थोडीच आणता येते? कमी आहे ती पडल्याच्या नोंदीची. कोणत्या शेतात, कोणत्या तारखेला, किती.

आता उपग्रहाला हे दिसतं का? इथे थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. युरोपचा सेंटिनेल-2 फुकट चित्रं देतो. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर 10 मीटर बाय 10 मीटर. पाच बाय पाच फुटांवर लावलेली केळ धरली तर एका ठिपक्यात चाळीसेक झाडं येतात. त्यातली दहा पडली तर ठिपका जवळपास तसाच. शिवाय पडलेल्या केळीची पानं लगेच वाळत नाहीत, काही दिवस हिरवीच राहतात. वरून बघणाऱ्याला बाग ठणठणीत! आणि जूनमध्ये ढग आले की चित्रात ढगच.

रडारचं तसं नाही. ते ढगांतून आणि रात्रीही बघतं, आणि त्याला पानाच्या रंगापेक्षा आकार कळतो: उभं की आडवं. 30 जुलै 2025 ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर दोन वेगवेगळ्या तरंगलांबींची रडारं आहेत, तो 12 दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो आणि त्याची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवायचं ठरलं आहे. केळीचं खोड पाण्यानं भरलेलं असतं, त्यामुळे उभ्या आणि आडव्या बागेचा फरक रडारमध्ये दिसावा असा आमचा अंदाज. अंदाज म्हणतोय, कारण तो तपासायचा तर खाली जमिनीवरची खरी नोंद हवी. निधी मागतोय तो मुख्यतः त्यासाठी. उपग्रह फुकट आहे हो, महाग आहे ते शेतात जाऊन झाडं मोजणं.

म्हणून दिवाळीत घरी बसून दुसरा अर्ज लिहिला. बाबांची एक डायरी आहे. लागवड, खत, कापणी, वादळाच्या तारखा, सगळं त्यात बॉलपेननं. तीच माझी पहिली माहिती. मग गावातल्या शेतकऱ्यांना भेटलो, शेताच्या सीमा नकाशावर घेऊ द्याल का म्हणून. बहुतेक हो म्हणाले. शेजारच्या काकांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुझ्या उपग्रहानं कमी दाखवलं तर?"

मी म्हणालो, काका, अचूकता वाढत जाईल.

"ती वाढंल तेव्हा वाढंल. माझी चाळीस टक्के पडली, तुझ्या यंत्रानं पंधरा सांगितली, तर साहेब कोणाचं ऐकेल?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. त्या रात्री मित्राशी फोनवर दोन तास वाद झाला. त्याचं म्हणणं, निधी देणाऱ्याला एक स्वच्छ आकडा हवा असतो, त्याला अटी घातल्या की अर्ज कमजोर दिसतो. आणि सरकारसारखा मोठा ग्राहकच 'पैसे देणार कोण' याचं उत्तर आहे. तो चुकीचं बोलत नव्हता. पण आमचा आकडा वापरून ज्याची मदत कापली जाईल तो माणूस माझ्या बाबांच्या बांधाला लागून राहतो. मित्र बंगळुरूत राहतो, मीही खरं तर पुण्यात राहतो, पण मला तिथे सणाला जावं लागतं!

शेवटी अर्जात एक परिच्छेद घातला. उपग्रहाचा आकडा एकटा वापरायचा नाही. शेतकऱ्यानं तारखेसह काढलेले फोटो सोबत असतील, दोन्हींत फरक पडला तर माणसानं शेतात जायचं, आणि शेताची नोंद आधी शेतकऱ्याला दिसेल. मित्रानं तो परिच्छेद दोनदा खोडला, मी दोनदा परत टाकला. तिसऱ्यांदा त्यानंच त्यातली भाषा नीट करून दिली.

शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज गेला. त्याआधी घरातली वीज एकदा गेली, मोबाइलचं नेट लावावं लागलं, बाबा टॉर्च धरून बाजूला उभे. "झालं?" म्हणाले. "झालं." "मग सकाळी ठिबकच्या नळ्या बघायच्या आहेत, लवकर ऊठ."

निकाल अजून यायचा आहे. तोवर एक विनंती. तुमच्यापैकी कुणाची शेती बुरहानपूर, रावेर, यावल या पट्ट्यात असेल आणि घरच्या कुणाच्या फोनमध्ये वादळात पडलेल्या बागेचे जुने फोटो असतील, तर ते पुसू नका. फोटोत तारीख आणि गावाचं नाव कळत असेल तर आम्हाला सोन्यासारखे आहेत. संपादकांकडे निरोप ठेवा, मी स्वतः फोन करीन. आणि शेत कुणाचं हे आधी त्यांना विचारूनच.