स्प्लेंडर की शाईन? घाटाला विचारा!

मंडळी, शंभर सीसीची बाईक घ्यायची म्हटलं की ऑफिसमधला प्रत्येक एक्स्पर्ट एकच प्रश्न टाकतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ पण सोमवार ते शुक्रवार पुण्यात आणि शनिवारी गावी, भोर नाहीतर वेल्ह्याला, असं तुमचं रुटीन असेल, तर हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. हिशोब करून बघा ना! महिन्याला 1,200 किलोमीटर फिरलात आणि एक गाडी लिटरला 60, दुसरी 65 देत असेल, तर वाचतं जेमतेम दीड लिटर पेट्रोल. एका पिझ्झाचेही पैसे नाहीत, बॉस!

एकाच घरातल्या दोघी

शॉर्टलिस्टमध्ये बहुतेक वेळा हीरो स्प्लेंडर प्लस आणि होंडा शाईन 100 याच असतात. गंमत म्हणजे दोघींचं खानदान एकच. 1984 मध्ये हीरो आणि होंडाने एकत्र संसार थाटला, 1994 मध्ये त्या घरात स्प्लेंडर जन्मली आणि 2010 च्या डिसेंबरमध्ये वाटण्या ठरल्या. होंडाने शाईन 100 आणली ती मार्च 2023 मध्ये, मुंबईत 64,900 रुपये एक्स-शोरूम किमतीला. टार्गेट कोण, हे सांगायलाच नको!

कागदावर काय?

स्प्लेंडर 97.2 सीसी, वजन 112 किलो. शाईन 98.98 सीसी, वजन फक्त 99 किलो. टॉर्क दोघींचा सारखाच, 8.05 न्यूटन मीटर. पॉवर स्प्लेंडरची किंचित जास्त. गिअर दोघींना चारच. म्हणजे एकट्याने चालवताना शाईन हलकी असल्याने बरोबरी साधते. मागे कुणी बसलं की 13 किलोंचा फरक तितकासा जाणवत नाही. चढाला दोघींनाही खालच्या गिअरमध्येच घ्यावं लागणार.

खरी परीक्षा

सातारा हायवेवर दोन्ही गाड्या मस्त पळतात. कापूरहोळला भोरकडे वळा किंवा चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे गाठा, तरी फार बिघडत नाही. पण पानशेतच्या बाजूने पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरायचं असेल, पुढे केळद, मढे घाटाकडे घर असेल किंवा भोरपलीकडे वरंध्याच्या वाटेवर, तर तिथला पावसाळा आठवा. रात्रीची वेळ, मागे आई बसलेली, रेंज गायब आणि चाक पंक्चर!

इथे फरक पडतो. स्प्लेंडरला 18 इंची चाकं आणि ट्यूबलेस टायर. हवा हळूहळू जाते आणि किट जवळ असेल तर चाक न काढता काम होतं. शाईन 100 च्या साध्या मॉडेलला 17 इंची चाकं आणि ट्यूबचे टायर. म्हणजे चाक खोला, नाहीतर ढकला. मोठं चाक खड्ड्यातही थोडं सोपं जातं. शिवाय स्प्लेंडर इतकी वर्षं रस्त्यावर आहे की तिचा स्वभाव गावोगावच्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे.

शाईनचा प्लस पॉइंटही छोटा नाही. चिखलातून बाहेर काढायला, अंगणात वळवायला 99 किलोची गाडी सुखाची. आठवडाभर ती घरी बहीण किंवा वडील वापरणार असतील, तर हा मुद्दा मायलेजपेक्षा मोठा.

ब्रेकचं काय? बेसिक मॉडेलला दोघींनाही पुढे-मागे ड्रम आणि कॉम्बी ब्रेक, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल तर अजिबात नको.

फायनल फंडा

एकट्याचं जाणं-येणं, बहुतेक हायवे आणि बजेट टाइट असेल तर शाईन. डबलसीट, आतल्या वाड्या-वस्त्या आणि रात्रीचा प्रवास असेल तर स्प्लेंडर. दर आठवड्याला दोघांनी सामानासकट घाट चढायचा असेल, तर दोन्ही विसरा आणि 125 सीसी बघा.

आणि हो, शोरूममध्ये टेस्ट राइड मागाल तेव्हा मागे कुणाला तरी बसवूनच मागा. सेल्समन कपाळाला आठ्या घालेल. घालू दे! घाटात तो येणार नाहीये, आई येणार आहे.