कोयनानगरच्या मजुरांचा धडा आणि आपला चिखलदरा

२९ ऑगस्ट २०२३ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या अप्पर वर्धा प्रकल्पग्रस्तांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा धरणात जमीन गेलेल्यांची बातमी झाली. धरण बांधणाऱ्याची मात्र बातमी होत नाही. काम संपलं की ठेकेदार मशिनरी हलवतो आणि मजूर पुढच्या साइटवर जातो.

हे आता बोलण्याचं कारण म्हणजे चिखलदऱ्याचा ४०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. अनेक वर्षं तो कागदावरच आहे. पण राज्याने २०२३ मध्ये अशा प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणलं आणि २०२४ मध्ये कंपन्यांशी करारही केले. मेळघाटात काम सुरू होवो न होवो, डोंगरात मजुरांचं गाव वसवलं की काय घडतं हे सातारा जिल्ह्यात घडून गेलेलं आहे.

पाटण तालुक्यातलं कोयनानगर धरणासाठीच वसलं. १९५४ च्या सुमारास काम सुरू झालं. इंजिनिअर, कारकून, फिटर, मजूर सगळे तिथे आले. अशा वसाहतीत कोणाचा पगार किती हे विचारावं लागत नाही, क्वार्टर बघितलं की कळतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साधारण साडेसहा रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, हजारो जखमी झाली. ओबडधोबड दगडी बांधकामाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा हिशेब थोडा का होईना धरलेला होता. नंतर ते दुरुस्त करून आणखी मजबूत केलं. हे आवश्यकच होतं, खाली अख्खं खोरं आहे. पण धरणाला लावलेला हिशेब मजुराच्या खोलीला का लावला गेला नाही, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, समाजशास्त्राचा आहे.

आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. आणि २०१८ मध्ये, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर, कोयनेचे विस्थापित श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वात त्याच कोयनानगरात पुनर्वसनासाठी ठिय्या देऊन बसले होते.

आपल्यातले काही कार्यकर्ते यावरून सरसकट धरणविरोधी होतात. मला ते पटत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज त्याच खात्याकडे होती. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना त्यांनी चालना दिली. शेतीवरचा बोजा उद्योगांनी कमी करायचा, तर स्वस्त आणि मुबलक वीज हवी, ही त्यांची भूमिका होती. वीज आणि मजूर एकाच खात्यात, एकाच माणसाच्या टेबलावर होते, हेही विसरू नये. आज वीज एका खात्यात, मजूर दुसऱ्या खात्यात आणि पुनर्वसन तिसऱ्याच खात्यात.

वऱ्हाडातल्या आपल्या वस्त्यांची अडचण आणखी वेगळी. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो निदान प्रकल्पग्रस्ताचा दाखला मागू शकतो. भूमिहीन शेतमजुराची मजुरी बुडते, पण ती बुडाली हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागदच नसतो. पुढे तोच धरणावर रोजंदारीने जातो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने धरण आणि वीजप्रकल्पावरच्या मजुरालाही बांधकाम कामगार मानलं. ९० दिवसांच्या कामावर नोंदणी आणि मालकाने मोफत तात्पुरती निवासव्यवस्था करणं त्यात होतं. पण ९० दिवसांचा दाखला द्यायचा कोणी? ठेकेदाराने. गाडी तिथेच अडते.

चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायदा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. कोरकू बांधवांच्या ग्रामसभेत बोलण्याचा हक्क त्यांचाच. आपण अमरावती-अकोल्याहून जाऊन माइक हातात घेऊ नये. मात्र जनसुनावणी लागली, तर तीन गोष्टी लेखी मागता येतील: मजुरांच्या वसाहतीचा नकाशा आणि बांधकामाचा दर्जा, ठेकेदाराकडच्या प्रत्येक मजुराचं हजेरीपत्रक, आणि काम संपल्यावर त्या वसाहतीत कोण राहणार याचं उत्तर. मिनिट्समध्ये हे प्रश्न नोंदवून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.